सौम्य व्यायामाची वाटचाल : हृदयरोग्यांसाठी आणि संधिवाताच्या रुग्णांसाठी

सोलापूर हे एके काळी गिरणीच्या भोंग्यावर जागे होणारे शहर होते. भोंगा झाला की कामगारांचे लोंढे पायी गिरणीकडे निघत आणि पाळी संपली की पायीच परतत. टिळक चौक, फलटण गल्ली, मंगळवार पेठ या भागांतील व्यापारीही दुकानाला, मंदिराला आणि बाजाराला पायीच जात. या चालण्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. व्यायाम म्हणजे तालीम, लाल माती, जोर, बैठका आणि मुद्गल. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा प्रसार शाळांतून मोठ्या निष्ठेने केला आणि महाराष्ट्रातील अनेक घरांत नमस्कार घालण्याचा परिपाठ पडला. परंतु ही सर्व परंपरा निरोगी देहासाठी होती. ज्याचे हृदय दुखावले आहे किंवा ज्याचे गुडघे सुजले आहेत, अशा माणसाला तिच्यात स्थान नव्हते. त्याच्या वाट्याला खाट येत असे.

खाटेवर पडून राहण्याची ही आज्ञा केवळ अज्ञानातून आलेली नव्हती. वाग्भटाचार्यांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेला मनुष्य यांनी व्यायाम वर्ज्य करावा असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी आणखी एक सूचना आहे, ती अशी की बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेसुद्धा थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा. आपल्या समाजाने पहिली सूचना घट्ट धरून ठेवली आणि दुसरी बहुतांशी विसरली, असे म्हणावे लागते. वास्तविक ‘अर्धी शक्ती’ हे माप आजच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याच्या फार जवळचे आहे.

पाश्चात्य वैद्यकाचा इतिहासही याहून वेगळा नाही. छातीतील वेदनेच्या विकाराचे स्पष्ट वर्णन इंग्लंडमधील डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७७२ मध्ये केले. त्यांच्या एका रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. तथापि या नोंदीकडे पुढील दीडशे वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयविकाराच्या झटक्याचे निदान होऊ लागले, तेव्हा सहा-सहा आठवडे बिछान्यावर निश्चल पडून राहणे हाच उपचार ठरला. रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवण्याचीही मुभा नसे. दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या फुफ्फुसात जाऊन प्राणावर बेततात, स्नायू झडतात आणि हाडे ठिसूळ होतात, हे पुढे लक्षात आले. बॉस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या ८१ रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच खाटेशेजारील आरामखुर्चीत बसवले आणि त्याचे निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णाला केवळ खुर्चीत बसवणे हेसुद्धा त्या काळी धाडस होते. १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांचे वैद्य डॉ. पॉल व्हाइट यांनी त्यांना क्रमाक्रमाने चालते केले व ते पुन्हा राज्यकारभार पाहू लागले. या घटनेनंतर सामान्य लोकांची भीती पुष्कळ कमी झाली.

याच सुमारास लंडनमध्ये झालेले एक संशोधन व्यापारी समाजाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली व तिचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रकाशित झाले. दोघांचा वर्ग एक, वस्ती एक, गाडीही एकच. मात्र चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. हृदयविकार चालकांमध्ये अधिक आढळला. कापडाच्या पेढीवर गादीला टेकून हिशेब पाहणारे शेठजी आणि माळ्यावरून ताग्यांच्या थप्प्या काढणारा नोकर यांची तुलना कोणी केली असती तर काय दिसले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

हे सर्व विलायतेत घडत होते. पण महाराष्ट्राची भूमी त्याआधीच या प्रश्नाला भिडली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात ते तयार झाले होते, म्हणजे कठोर व्यायामाची परंपरा त्यांना आतून ठाऊक होती. तरीही योगाभ्यासाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे श्रद्धेने न सांगता क्ष-किरणांनी आणि रक्तदाबमापकाने तपासून पाहण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. आसन चांगले की वाईट, हा त्यांचा प्रश्न नव्हता. कोणते आसन कोणत्या देहात किती दाब निर्माण करते, हा त्यांचा प्रश्न होता. रुग्णासाठी व्यायाम निवडण्याच्या शास्त्राचा आपल्याकडील आरंभ येथे झाला, असे मानण्यास हरकत नाही.

मार्च १९२७ मध्ये महात्मा गांधी दौऱ्यावर असताना कोल्हापुरात आजारी पडले. रक्तदाब फार वाढलेला होता. पुढे म्हैसूर संस्थानातील नंदी येथील डोंगरावर विश्रांती घेत असताना त्यांनी स्वामी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आपल्याला कोणता योगाभ्यास मानवेल याची विचारणा केली. एका बाजूला विश्रांतीचा आग्रह धरणारे वैद्य, दुसऱ्या बाजूला योगाचार्य आणि मध्ये स्वतःच्या देहावर प्रयोग करणारा रुग्ण, असे ते दृश्य होते. आजही अनेक घरांत वेगळी परिस्थिती नसते.

स्वामीजींनी १९३६ मध्ये मुंबईस चौपाटीजवळ आरोग्यकेंद्र सुरू केले. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेला यौगिक चिकित्सेवरील त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य खात्याकडून प्रकाशित झाला. याच डॉ. विनेकरांचे नाव पुढे एका महत्त्वाच्या प्रयोगात येते. मुंबईचे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुमारे निम्म्या रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली. काहींचा रक्तदाब उतरला, तर काहींची औषधे कमी करता आली. उरलेल्या निम्म्यांना तसा लाभ झाला नाही, हेही त्यांनी लपवले नाही. औषधे कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनी रक्तदाब मोजून घेतला होता, रुग्णाने परस्पर घेतला नव्हता. शवासनाचे गोडवे गाणारे लोक नेमकी हीच गोष्ट सांगावयास विसरतात.

संधिवाताची कथा थोडी निराळी आहे. हृदयविकारात भीती मृत्यूची असते, संधिवातात वेदनेची. दुखरा सांधा हलवू नये, त्याला आधाराच्या पट्टीत बांधून ठेवावे, असा उपदेश गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत केला जात असे. सांधा लाल झालेला, गरम आणि सुजलेला असताना तो काही दिवस शांत ठेवणे आजही योग्यच समजतात. चूक होते ती सूज उतरल्यावरही तशीच विश्रांती चालू ठेवल्याने. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रव तिच्यात शिरतो आणि बाहेर पडतो, त्यावरच तिचे पोषण चालते, आणि ही ये-जा सांधा हलल्याने, त्यावर दाब येऊन तो सुटल्याने होते. न हलणारा सांधा म्हणजे उपाशी सांधा. शिवाय गुडघ्याचा खरा आधार मांडीच्या पुढील स्नायूंचा असतो. माणूस बसून राहिला की हे स्नायू लवकर क्षीण होतात, मग पायरी उतरताना सगळा भार सांध्यावर येतो, वेदना वाढते आणि वेदना वाढली म्हणून माणूस अधिकच बसून राहतो. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवात आणि आमवात यांच्या १२० रुग्णांपैकी काहींना चालण्याचा, काहींना पाण्यातील, तर काहींना केवळ सांधे मोकळे करण्याचा व्यायाम १२ आठवडे दिला गेला. चालणाऱ्यांची आणि पाण्यात व्यायाम करणाऱ्यांची दमछाक कमी झाली, चाल सुधारली आणि व्यायामामुळे रोग बळावला नाही. पाण्यात देहाचा भार बराच हलका होत असल्याने स्थूल व्यक्तीच्या गुडघ्यांना तो व्यायाम विशेष मानवतो.

या क्षेत्रात पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे कार्य सर्वांत मोठे मानावे लागेल. डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी ते १९३७ मध्ये पुण्यास आले, तेव्हा ते १८ वर्षांचे होते. १९७५ मध्ये त्यांनी शिवाजीनगर भागात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी केली. तारुण्यात त्यांची शिकवण्याची पद्धत अतिशय कडक होती, असे त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. परंतु दुखणाईत माणसे त्यांच्याकडे येऊ लागली, तसतसे त्यांनी रुग्णाच्या देहाला आसनापर्यंत ओढून नेण्याऐवजी आसनच रुग्णाच्या देहापर्यंत आणण्याचा मार्ग शोधला. त्यासाठी त्यांनी साध्यासुध्या वस्तू वापरल्या. घडीची लोखंडी खुर्ची, लाकडी विटा, पट्टा, भिंतीतले दोर, लोड आणि घोंगड्या. गुडघा वाकत नसेल तर त्याच्या मागील खाचेत कापडाची गुंडाळी, छाती उघडायची पण श्रम करायचे नाहीत म्हणून पाठीखाली लोड, तोल जातो म्हणून भिंत. १९७९ मध्ये झालेल्या अपघातांनी त्यांचा स्वतःचा पाठीचा कणा व खांदा दुखावला आणि १९९६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन्ही वेळा याच साधनांच्या आधारे त्यांनी आपला अभ्यास पुन्हा उभा केला. २० ऑगस्ट २०१४ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज जगभर वृद्धांना खुर्चीवरील आसने शिकवली जातात. त्यांतील पुष्कळशी पुण्याच्या त्या सभागृहातून गेलेली आहेत.

मुंबईत श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या योग संस्थेने हृदयरोग्यांसाठी एक उपक्रम राबवला व त्यातील ११३ रुग्णांचे निष्कर्ष २००४ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आले. योगयुक्त जीवनशैली अंगीकारलेल्या गटात हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांबाबत आशादायक परिणाम दिसले. त्याहून कितीतरी मोठा प्रयोग पुढे देशातील २४ रुग्णालयांत झाला. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन महिन्यांत १३ सत्रांतून सौम्य योगाभ्यास, प्राणायाम आणि ध्यान शिकवण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांना आपण बरे आहोत असे अधिक वाटले आणि ते पूर्वीच्या कामाकडे अधिक प्रमाणात परतले. मात्र मृत्यू अथवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण त्यामुळे निश्चितपणे कमी झाले, असे सिद्ध होऊ शकले नाही. योग हा औषधाला पर्याय नाही, औषधाच्या जोडीला आहे, एवढाच अर्थ यातून निघतो आणि तो काही थोडा नव्हे.

दुर्दैवाने मधल्या काळात दूरचित्रवाणीवरून योग घरोघर पोहोचला तो पुष्कळदा जोरकस श्वासांच्या रूपाने. कपालभाती, भस्त्रिका आणि दीर्घकाळ श्वास रोखणे या क्रिया ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही किंवा हृदय दुबळे आहे, त्यांच्यासाठी नाहीत. शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी उलटी आसनेही त्यांना वर्ज्य समजावीत. गुडघ्याच्या संधिवातात वज्रासन, उकिडवे बसणे आणि खोल बैठका टाळाव्यात. एकच आसन एकाला अमृत आणि शेजारच्याला अपाय ठरू शकते, हे शंभर जणांच्या शिबिरात एकाच ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात नाही.

मग माप कशाने घ्यावे? स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी माणसाला स्वतःला किती श्रम जाणवतात यावरून ६ ते २० अशी श्रमांची मोजपट्टी तयार केली. तिचे घरगुती रूप फार सोपे आहे. चालताना सोबत्याशी सलग बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर चाल फारच मंद आहे आणि वाक्य तुटत असेल तर ती जास्त आहे. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणे, गरगरणे, थंड घाम यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबावे, घरी पोहोचण्याची घाई करू नये आणि वैद्यकीय मदत घ्यावी. सांध्यांच्या बाबतीत व्यायामानंतरची वेदना दोन तासांहून अधिक टिकली तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे.

जैन परंपरेला हे माप मुळीच परके नाही. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या मागे ‘शक्तितः’ हा शब्द जोडलेला आहे. कायोत्सर्ग श्वासोच्छ्वासांनी मोजला जातो. नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणजे २७ श्वासोच्छ्वास, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. संथ, मोजलेला श्वास आणि शिथिल केलेला देह हेच डॉ. दाते यांच्या शवासनाचेही सार होते. आचार्य महाप्रज्ञजींनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रेक्षाध्यानात कायोत्सर्ग ही पहिली पायरी आहे. ईर्यासमितीचा उद्देश जीवदयेचा आहे. परंतु चार हात पुढची जमीन पाहत, घाई न करता टाकलेले पाऊल वृद्धाला पडण्यापासूनही वाचवते.

तरीही आपल्या समाजात एक अडचण हल्ली प्रकर्षाने दिसते. गुडघे दुखू लागले की ज्येष्ठ मंडळी सामायिक, प्रतिक्रमण आणि स्वाध्याय यांना येणेच सोडून देतात. खाली बसता येत नाही, खुर्चीवर बसण्याचा संकोच वाटतो, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. घराबाहेर पडणे थांबले की चालणे थांबते आणि पुढील अधोगती वेगाने होते. या संकोचाला शास्त्राचा आधार नाही. ‘मूलाचार’ या प्राचीन ग्रंथात कायोत्सर्गाचे चार प्रकार वर्णिले आहेत व त्यांतील दोन उभ्याने, तर दोन बसून करावयाचे आहेत. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरते ते ध्यानाच्या शुभाशुभतेवरून. शुभध्यानासह बसून केलेला कायोत्सर्ग अशुभ विचारांसह उभ्याने केलेल्या कायोत्सर्गाहून वरचा मानला आहे.

सोलापूरच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर असतो, त्यामुळे फिरावयाचे ते पहाटेच. सिद्धेश्वर तलावाचा परिसर, पार्क मैदान, कंबर तलाव ही त्यासाठीची जुनी ठिकाणे. परंतु चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांनी सूर्यास्तापूर्वी घेतलेले पाणी आणि पहाटेचा फेरफटका यांत दहा-अकरा तासांचे अंतर पडते. त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो. अशांनी पहाटेचे फिरणे अगदी मंद व थोडे ठेवावे आणि मुख्य फिरणे पच्चक्खाण पारून पाणी घेतल्यानंतर करावे, किंवा ते घराच्या गच्चीवर, सावलीत करावे. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळा व मात्रा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि त्या दिवसांत व्यायाम शवासन, श्वासाभ्यास आणि बसल्या जागी सांधे फिरवणे एवढाच ठेवावा.

तीर्थयात्रेचा प्रश्न याहून नाजूक आहे. श्री सम्मेदशिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची असून तिच्यात चढ, वरील टोंकांची वंदना आणि उतार यांचे जवळजवळ सारखे तीन भाग पडतात. हृदयाची कसोटी चढताना लागते, गुडघ्यांची उतरताना. वर्षभर गादीवरून न उठलेला माणूस भावनेच्या भरात मध्यरात्री मधुबनातून पायी निघतो आणि पहाटे थंडीत चढावर त्याला धाप लागते. ज्यांना जावयाचे आहे त्यांनी किमान तीन महिने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी व सपाट जमिनीवर रोज पंधरा मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्यास थोडी भर घालावी. पुढे कुंथलगिरीसारख्या जवळच्या व लहान डोंगरावर जाऊन चढ-उतार सोसतो का, ते पाहावे. तेथे चढताना बोलता येत नसेल किंवा उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही गुडघे सुजलेले असतील, तर शिखरजीला डोली करावी. डोलीवाले मधुबनात असतातच. टोंकांवर मात्र खाली उतरून सपाटीवर जमेल तेवढे पायी चालावे.